विरुद्धार्थी इंग्रजी शब्दांची पुस्तिका: घ्यावी का?

कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेची पोरं वापरतात ती ही पुस्तिका सोप्या शब्दांना बरी, पण ‘लीन’ (lean) आणि ‘लीप’ (leap) या शब्दांवर घसरते. ‘लीन’समोर फक्त ‘फॅट’ छापलंय. अंगकाठीला ते चालतं. भिंतीला टेकण्याच्या ‘लीन’ला ‘स्टँड अपराइट’ लागतं. इंजिनातल्या लीन मिक्श्चरच्या (इंधन कमी, हवा जास्त) उलट तर ‘रिच’, इथल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातला कुठलाही मिस्त्री सांगेल! ‘इन्क्लाइन्ड’ची तीच गत: पृष्ठभाग असेल तर ‘लेव्हल’, मनाचा कल असेल तर ‘डिसइन्क्लाइन्ड’. ‘लीप’ला ‘फॉल’ दिलाय, तो भाव उसळण्यापुरता ठीक. नुसत्या उडीला नेमका विरुद्ध शब्दच नाही. लीप इयरच्या उलट मात्र ‘कॉमन इयर’, ३६५ दिवसांचं. टिक करण्याआधी शब्द नाम, क्रियापद की विशेषण ते बघा आणि त्याच जातीचा पर्याय उचला. छपाई सुबक आहे.