घाणेकर की लागू? दोन्ही डॉक्टरच!

दोघांत मोठा नट कोण, आमच्या दादरच्या घरात हा वाद कायम चालतो, आई घाणेकरांची फॅन आणि बाबा लागूंचे. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर, श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, म्हणजे सुरुवात साधारण सारखीच. पण घाणेकरांचा 'रायगडाला जेव्हा जाग येते' नाटकातला संभाजी आणि नंतरचा 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या, नुसती एन्ट्री झाली तरी शिट्ट्या पडायच्या असं आई अजून डोळे मोठे करून सांगते, आणि ते खरंच मराठी रंगभूमीचे स्टार होते. सिनेमे त्यामानाने कमी, आणि १९८६ ला गेलेही लवकर.

लागूंनी १९६९ मध्ये चालू प्रॅक्टिस सोडली, चाळिशी ओलांडल्यावर, मला याचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' नाटक, १९७२ ला 'पिंजरा' सिनेमा. त्यात पुढे तमाशाच्या फडात हातात तुणतुणं धरून उभा राहिलेला तो मास्तर बघा, संवाद नसतानाही नुसत्या खांद्यांवरून कळतं माणूस किती मोडलाय ते. मग सामना, सिंहासन, हिंदीतही भरपूर काम.

टाळ्यांमध्ये घाणेकर पुढे, मान्य आहे आईचं. पण पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं ते लागूंनाच.