भारताचा सरस वेगवान गोलंदाज कोण, श्रीनाथ की झहीर?

नुसत्या वेगाचा प्रश्न असेल तर वाद नको, जवागल श्रीनाथच. मैसूरच्या या गोलंदाजाचा आत येणारा चेंडू भल्याभल्यांच्या पॅडवर आदळायचा. १९९१ मध्ये तो संघात आला, पण घरच्या मैदानावरची पहिली कसोटी मिळायला १९९४ उजाडलं. मायदेशी तेव्हा फिरकीचं राज्य होतं. उमेदीची वर्षं अशी बाकावर गेली, १९९७ मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया झाली, तरीही ६७ कसोटींत २३६ बळी! १९९९ ला कोलकात्यात पाकिस्तानविरुद्ध १३ बळी घेऊनही सामना हरलो, हे अजून सलतं.

श्रीरामपूरचा झहीर खान सुरुवातीला नुसता जोर लावायचा. २००३ विश्वचषक अंतिम सामन्याचं पहिलंच षटक १५ धावांचं, आठवतंय ना? (त्या दिवशी श्रीनाथनेही १० षटकांत ८७ दिल्या.) पुढे संघाबाहेर गेल्यावर २००६ मध्ये तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून काउंटी क्रिकेट खेळला आणि वेगळाच गोलंदाज होऊन परतला. चेंडू टाकण्याआधीची धाव आखूड केली. जुना चेंडू उलटा फिरवताना (म्हणजे रिव्हर्स स्विंग, यात चेंडू चकाकीच्या बाजूकडे वळतो) तो चेंडू हातात झाकून धावत यायचा, चकाकी कुठल्या बाजूला आहे हे फलंदाजाला कळूच नये म्हणून. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत ९ बळी, २०११ च्या विश्वचषकात २१. कसोटीत ३११.

दुखापतींनी दोघांनाही छळलं. गुणवत्तेत श्रीनाथ कणभर सरसच. पण शेवटच्या दिवशी, जुना चेंडू हातात असताना एकालाच बोलवायचं तर मी झहीरला बोलवेन.