‘टॉम सॉयर’: घ्यायचं तर संपूर्णच घ्या

आधी निकाल सांगते, कारण निम्मी मंडळी तेवढ्यासाठीच आलेली असतात. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनची ‘टॉम सॉयर’ ही एका उचापती पोराची कादंबरी जरूर घ्या. फक्त संपूर्ण आवृत्ती घ्या, आणि ती मुलाच्या हातात देऊन आपण स्वयंपाकघरात निघून जाऊ नका. बसून मोठ्यानं वाचा. ‘मुलांसाठी सोपं करून’ असं लिहिलेली पातळ, चकचकीत आवृत्ती फुकट मिळाली तरी तिच्यावरून हे पुस्तक जोखू नका.

आम्ही अमेरिकेत, मिसुरीतल्या सेंट लुइसला राहतो. टॉमचं गाव पुस्तकात सेंट पीटर्सबर्ग आहे, पण नकाशावर ते हॅनिबल. मिसिसिपीच्या काठानं वर गेलं की गाडीनं साधारण दोन तास. ट्वेनचं बालपण तिथंच गेलं. एवढं जवळ राहून मुलांना टॉम ठाऊक नाही हे बरं दिसेना, म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही चार-पाच मराठी घरांनी शुक्रवारची रात्र धरली. खिचडी, पापड आणि मग एक प्रकरण, फार तर दोन. ऐकणारी मुलं आठ ते तेरा वयाची. शिवाय सहा महिन्यांसाठी आलेले एक आजी-आजोबा. बाहेर गोठवणारी थंडी असल्यामुळे त्यांना पळून जायला वाव नव्हता. पुस्तकाची पस्तीस प्रकरणं आणि शेवटचं छोटं समारोपाचं पान उन्हाळा लागेपर्यंत पुरलं.

घरात दोन आवृत्त्या होत्या. एक संपूर्ण, आणि एक कुणीतरी वाढदिवसाला दिलेली संक्षिप्त, मोठ्या टायपातली, रंगीत चित्रांची. मधली एक मुलगी ऐकताना ही दुसरी मांडीवर उघडी ठेवायची आणि आम्ही कुठं आलोय ते शोधायची. चर्चमधल्या भुंग्याच्या प्रसंगाला तिनं हात वर केला. तिच्या पुस्तकात एवढंच होतं की टॉमनं चर्चमध्ये एक किडा आणला, तो कुत्र्याला चावला आणि सगळे हसले. ‘सगळे हसले’ असं छापलं होतं खरं, पण तिला हसू आलं नव्हतं.

मूळ पुस्तकात हा प्रसंग भरपूर लांब आहे, आणि लांब आहे म्हणूनच हसवतो. पाद्र्याचं प्रवचन संपता संपत नाही. टॉम खिशातला चिमट्यावाला भुंगा काढतो, तो त्याच्या बोटाला चावतो, टॉम त्याला झटकतो आणि भुंगा उताणा पडतो. तेवढ्यात एक कंटाळलेला पूडल कुत्रा येतो. हुंगतो, लांबून फेरी मारतो, पंजा मारून बघतो, मग भुंग्याला विसरून जांभई देतो आणि नेमका त्याच्यावरच बसतो. पुढचं किंचाळणं, कुत्र्याची भर चर्चमधली घोडदौड आणि हसू दाबताना लाल झालेले भाविक. तिकडे प्रवचन चालूच. आमच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा सोफ्यावरून खाली सरकला. कुत्रा जांभई देतो तिथंच त्याला पुढचं दिसलं होतं.

संक्षिप्त आवृत्त्यांचं दुखणं इथं आहे. त्या ‘काय घडलं’ तेवढं ठेवतात. खून, स्मशान, बेट, गुहा, खजिना सगळं जागच्या जागी असतं, पण सांगणाऱ्याचा स्वर निघून जातो. या कादंबरीत साहस निम्मंच आहे. उरलेलं निम्मं म्हणजे एक मोठा माणूस गंभीर चेहरा करून पोराच्या उचापती वर्तमानपत्री थाटात सांगतोय, ही गंमत. वाक्य कापलं की ती गेली.

ट्वेनला स्वतःलाही हे मुलांचं पुस्तक वाटत नव्हतं. १८७५ साली हस्तलिखित पुरं झालं तेव्हा हे मोठ्यांसाठीच आहे, असं त्यानं आपला मित्र, लेखक-संपादक विल्यम डीन हॉवेल्स याला कळवलं होतं. हॉवेल्सनं वाचून सांगितलं की सरळ मुलांची गोष्ट म्हणून काढ. १८७६ला पुस्तक आलं, आधी लंडनला जूनमध्ये, मग वर्ष सरताना अमेरिकेत. मधल्या काळात कॅनडातल्या एका प्रकाशकानं चोरटी आवृत्ती काढून बाजार मारला तो वेगळाच. प्रस्तावनेत ट्वेन म्हणतो की हे मुख्यतः मुलामुलींच्या करमणुकीसाठी आहे, पण तेवढ्यावरून मोठ्यांनी याच्याकडे पाठ फिरवू नये. आमच्या शुक्रवारांत हे शब्दशः खरं झालं. मुलं एका जागी हसायची, मोठी माणसं दुसऱ्या, आणि प्रत्येक गट दुसऱ्याकडे ‘यात काय एवढं’ म्हणून बघायचा.

आता मतं. कुंपणाला सफेदी देण्याचा प्रसंग मुलांना ग्रेट वाटेल अशी माझी खात्री होती. तो बेतास बात ठरला. टॉम कामाला अशी शान आणतो की बाकीची पोरं आपल्या वस्तू देऊन ते काम विकत घेतात, हे त्यांना आधीच कुठून ना कुठून माहीत होतं. नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, “आई मला डिशवॉशर भरायला असंच सांगते.” तिच्या आईनं खिचडीत लक्ष घातलं. पण टॉमच्या कमाईची यादी मात्र तीन वेळा वाचून घेतली गेली: मेलेला उंदीर आणि तो गरगर फिरवायला दोरी, एका डोळ्याचं मांजराचं पिल्लू, कुठलंच कुलूप न उघडणारी किल्ली, कुत्रा नसलेला कुत्र्याचा पट्टा, संत्र्याच्या सालीचे चार तुकडे. दुसऱ्या दिवशी मुलांनी आपापल्या खणांतल्या वस्तूंच्या याद्या केल्या. हा गृहपाठ कुणी दिला नव्हता.

सर्वाधिक मतं पडली मांजराला. टॉम उदास आहे, म्हणून त्याला सांभाळणारी पॉलीमावशी त्याच्यावर औषधांचे प्रयोग करते. थंड पाण्याचे उपचार वगैरे झाल्यावर ‘पेनकिलर’ नावाचं जळजळीत औषध येतं. टॉम ते जमिनीच्या फळ्यांमधल्या फटीला पाजत असतो. तेवढ्यात पीटर नावाचं मांजर चमच्याकडे बघायला लागतं. टॉम त्याला सांगतो, खरंच हवं असेल तरच माग. मांजर मागतं. मग ते घरभर उड्या मारत, कुंड्या पाडत खिडकीतून पसार होतं. मुक्या जनावराला असं का केलंस, असं मावशी विचारते, तेव्हा टॉम म्हणतो, दया आली म्हणून. त्याला बिचाऱ्याला मावशी नाही ना. यावर आजी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. लहानपणी दर रविवारी एरंडेल प्यायलेल्या माणसाचं हसू होतं ते. मुलांनी नंतर त्यांच्याकडून एरंडेलाची सगळी हकिगत काढून घेतली आणि त्या शुक्रवारी दुसरं प्रकरण झालंच नाही.

आजोबा बँकेतून निवृत्त झालेले, त्यांचं मत हिशेबाचं. संडे स्कूलमधली तिकिटं त्यांना फार आवडली. बायबलची दोन वचनं पाठ केली की एक निळं तिकीट, दहा निळ्यांचं एक लाल, दहा लालांचं एक पिवळं, आणि दहा पिवळी जमली की बक्षीस म्हणून बायबल. म्हणजे दोन हजार वचनं. टॉम कुंपणावर कमावलेला माल देऊन इतरांची तिकिटं जमवतो आणि बक्षीस घ्यायला उभा राहतो. मग न्यायाधीश थॅचर येशूच्या पहिल्या दोन शिष्यांची नावं विचारतात आणि टॉम म्हणतो, डेव्हिड आणि गोलिआथ! (म्हणजे बायबलमधला राजा आणि त्यानं मारलेला राक्षसी योद्धा, शिष्य नव्हेतच.) “ठेवपावत्यांचा दुय्यम बाजार आहे हा,” आजोबांनी निदान केलं.

शेवटच्या प्रकरणांत तर ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. खजिना बारा हजार डॉलरहून थोडा जास्त, टॉम आणि त्याचा मित्र हक यांच्यात निम्मा निम्मा, सहा टक्क्यांनी गुंतवलेला. ट्वेन लिहितो की प्रत्येक मुलाला वर्षातल्या दर कामाच्या दिवशी एक डॉलर आणि निम्म्या रविवारांचा एकेक डॉलर एवढं उत्पन्न झालं. आजोबांनी मांडलं: सहा हजारांचे सहा टक्के म्हणजे ३६०. कामाचे दिवस ३१३, निम्मे रविवार २६, झाले ३३९. “वरचे एकवीस कुणी खाल्ले? न्यायाधीशानं?” या प्रश्नावर मुलांनी खजिन्यापेक्षा जास्त वेळ वाद घातला. शेवटी, पाद्र्याला कबूल केलेला पगारही गावाकडून पुरता वसूल होत नव्हता असं ट्वेननंच तिथं लिहिलंय, तेव्हा गावच तसलं आहे, असं ठरलं.

तेरा वर्षांच्या मुलाचं मत कडू होतं. ते तितक्याच ठळकपणे नोंदवते. त्याचं म्हणणं, खलनायक नेमका ‘इंजुन’ (‘इंडियन’चा हिणवणारा उच्चार) ज्योच का? मूलनिवासी रक्ताचा म्हणून? त्यानं बारकाईनं ऐकलं होतं. ज्यो ज्याचा खून करतो त्या डॉक्टर रॉबिन्सननं पूर्वी त्याला स्वयंपाकघरातून हाकलून दिलेलं असतं. गावातल्या डग्लस नावाच्या विधवेच्या नवऱ्यानं त्याला भर गावात, तुरुंगापुढे चाबकानं फोडलेलं असतं. ही कारणं पुस्तकातच आहेत, पण त्या चाबकाबद्दल गावात कुणाला काही वाटत नाही. त्यात मिसुरी हे त्या काळी गुलामगिरीचं राज्य. पाणी आणायला जाणारा छोटा जिम गुलाम आहे आणि पुस्तक त्याच्यावरून सहज पुढे सरकतं. काळ्या लोकांसाठीचा अपमानकारक शब्दही येतो. २०११ साली एका प्राध्यापकानं असे शब्द बदलून ‘टॉम’ आणि ट्वेनचंच ‘हकलबरी फिन’ एकत्र छापले तेव्हा इथं बराच वाद झाला होता. मी शब्द बदललेली आवृत्ती घेतली नाही. तो शब्द वाचताना थांबले आणि तो कुणी, कुणासाठी वापरत असे ते सांगितलं. आठ-नऊ वर्षांच्यांना एकट्यानं वाचायला देऊ नका म्हणते त्याचं हे दुसरं कारण. ज्यो त्या विधवेचं काय करणार आहे ते तो सांगतो, तो भाग लहानांसमोर मी गाळला. थोरल्यानं नंतर स्वतः जाऊन वाचला.

कंटाळा? आहे. शाळेच्या परीक्षेच्या दिवशी मुली पल्लेदार निबंध वाचतात, त्यात ट्वेन स्वतः फार रमलाय, पोरं रमली नाहीत. प्रकरणाच्या शेवटी मास्तरांचा विग दोरीला बांधलेल्या मांजराच्या पंजात वर जातो आणि खाली त्यांचं सोनेरी रंगवलेलं टक्कल चमकतं, तिथं सगळी जागी झाली. (या कादंबरीत मांजरांची कामगिरी एकंदर उत्तम आहे.) टॉमला आवडणाऱ्या बेकीचं रुसणं-फुगणंही लांबतं. आमच्या मुलींनी तिला सरळ नापास केलं. गुहेत हरवल्यावर ती रडण्याखेरीज काही करत नाही, असा त्यांचा आरोप आहे आणि मला त्याचा फारसा प्रतिवाद करता आला नाही.

उच्चारांचाही त्रास आहे. मिसुरीची बोली जशी कानावर पडते तशी छापलेली आहे. पानावर ती वेडीवाकडी दिसते, ऐकली की लगेच कळते. हकचे संवाद मला वाचता यायचे नाहीत, तेव्हा आम्ही ऑडिओ लावला. पुस्तकाचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलाय, त्यामुळे मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आणि वाचन लिब्रिव्हॉक्सवर फुकट आहे. छापील घेणार असाल तर पहिल्या अमेरिकन आवृत्तीतली ट्रू विल्यम्सची चित्रं असलेलं बघा. स्वस्त कागदी बांधणीचं आमचं पुस्तक बेटावरच्या प्रकरणांपाशी उसवलं, आता ते रबरबँडात आहे.

उन्हाळ्यात हॅनिबलला जाऊन आलो. हिल स्ट्रीटवर ट्वेनचं घर संग्रहालय म्हणून जपलंय, शेजारी पांढरं कुंपण आहे. पुस्तकात ते तीस यार्ड लांब आणि नऊ फूट उंच आहे. मुलांनी डोळ्यांनी मोजलं आणि ‘फेकतोय’ असा शेरा दिला. गुहेनं मात्र तोंड बंद केलं. पुस्तकातली मॅकडूगलची गुहा ती हीच. १८८६ पासून लोकांना दाखवतात. बाहेर घाम फुटत होता आणि आत बारा महिने अकरा अंश सेल्सिअसच्या आसपास. लटकते चुनखडीचे खांब वगैरे तिथं फारसे नाहीत. एकमेकींना छेदत जाणाऱ्या, सारख्याच दिसणाऱ्या अरुंद बोळांचं जाळं आहे. विजेचे दिवे आणि पुढे वाटाड्या असूनही डावीकडून आलो की उजवीकडून हे कळेनासं होतं. वाटाड्यानं थोडा वेळ दिवे घालवले. तेव्हा मुलींपैकी एकीनं हळूच सांगितलं की बेकीला दोन मार्क वाढवायला हरकत नाही.

कुणाला घेऊ नका सांगेन? ज्यांच्या मुलांना पहिल्या पानावर स्फोट लागतो त्यांना. खून नवव्या प्रकरणात आहे, तोवर दात दुखणं, भुंगे आणि तिकिटं. मोठ्यानं वाचायला वेळच नसेल तर ऑडिओ गाडीत लावा, बेटावरची प्रकरणं लांबच्या प्रवासाला छान जातात. त्यात टॉम, हक आणि आणखी एक मित्र अशी तीन पोरं समुद्री चाचे होऊन पळतात आणि परत येऊन स्वतःच्याच अंत्यविधीला हजर राहतात. सातवी-आठवीच्या मुलांना एकट्यानं वाचायला चालेल, फक्त मध्येमध्ये विचारपूस करा.

पुढच्या हिवाळ्यासाठी मुलांनी ‘हकलबरी फिन’ मागितलंय. ते मी थोरल्यांपुरतंच ठेवणार आहे. धाकट्यांसाठी काय, हे अजून ठरलेलं नाही. आजोबांची सूचना व्याजाच्या कोष्टकाची आहे, ती नामंजूर झाली आहे.