झाकली मूठ, आत नुसती लाख

सिन्नरच्या ओळखीच्या लोहारदादांनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून मला चाकूचं पातं करून दिलं होतं. पाणी (तापवून झटकन विझवून आणलेला कडकपणा) असं दिलेलं की कानस फिरवली तर नुसती घसरायची. मुठीकडेही पूर्ण रुंदीची साडेचार इंच पट्टी, तिला रिवेटसाठी तीन भोकं. "लाकडाचं काम माझं नाही, मूठ नाशकात बसवून घ्या," म्हणाले.

गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात चाकू-विळे घेऊन बसणाऱ्या एकाला मी पातं दिलं. ठरलं ते असं: शिसवाच्या दोन फळ्या, पितळी रिवेट, मध्ये अराल्डाइट. ९०० रुपये, पैकी ५०० आगाऊ. पुढच्या बुधवारी चाकू हातात आला तो इतका चकचकीत, की उरलेले ४०० मोजले आणि वर चहाही पाजला. चहाचं दुःख अजून जात नाही.

खरं तर तिथेच कळायला हवं होतं. दोन फळ्यांची मूठ पाठीकडून पाहिली की लाकडाच्या मधून पोलादाची रेघ शेवटपर्यंत दिसते. मला दिसलं ते सलग लाकूड. विचारलं, तर म्हणाला, "साहेब, ही बंद मूठ. आत पाणी जात नाही." मलाही पटलं!

महिनाभराने बायकोने चाकू कढत पाण्यात धुतला आणि लाल भोपळ्यात घातला. दाब देताच मूठ निसटली, पातं फिरलं. तर्जनीला दोन टाके.

आत पात्याचं शेपूट, म्हणजे मुठीतली पट्टी, जेमतेम सव्वा इंच. बाकीची पट्टी भोकांसकट कापून टाकलेली. रिवेट म्हणजे वरून चिकटवलेल्या टिकल्या. त्यांना लोहचुंबक चिकटला, म्हणजे पितळही वरवरचंच. मूठ घासली तर शिसवाच्या रंगाखाली पांढरट लाकूड. आणि अराल्डाइटच्या जागी लाख. लाखेला मी नावं ठेवत नाही, तलवारीच्या मुठीही लाखेवर बसवत आलेत; पण ती उष्णतेने मऊ पडते. सव्वा इंचावर ती किती धरणार?

फळ्या जुळवायच्या, आरपार भोकं पाडायची, रिवेट दोन्हीकडून ठोकायचे, अराल्डाइट रात्रभर आवळून ठेवायचं, मग कानशीने आकार द्यायचा, याला दिवस जातो. तयार मूठ खोचायला दहा मिनिटं.

जाब विचारायला गेलो तर म्हणे, "पातं असंच आणलं होतं तुम्ही." माझ्याकडे ना फोटो, ना चिठ्ठी.

लोहारदादांनी पातं उलटसुलट पाहिलं. पट्टी वेल्डिंगने जोडता येईल, पण तापून पाणी उतरेल; ग्राइंडरने कापताना मुळाशी निळी झाक आलीच आहे, म्हणजे तिथलं पाणी आधीच उतरलंय. आता पात्याचाच मागचा भाग, तापू नये म्हणून गार पाणी टाकत, घासून ते त्याची पट्टी करणार आहेत, म्हणजे भाजीपुरती लहान सुरी निघेल. परवा काम सुरू करण्याआधी त्यांनीच पात्याशेजारी टेप ठेवला आणि म्हणाले, "आधी फोटो काढा."