पहिली भाषा पीएचपी की जावास्क्रिप्ट? नाशिकमध्ये क्लास लावण्याआधी

कॉलेज रोडला किंवा कॅनडा कॉर्नरला वेब डिझाइनच्या क्लासची चौकशी करायला गेलात की समोरून प्रश्न येतो, ‘पीएचपी घेणार की जावास्क्रिप्ट?’ दोन्ही वेबसाइटचा कोड लिहायच्या भाषा: पीएचपी साइटच्या सर्व्हरवर चालते, जावास्क्रिप्ट मुख्यतः बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये. फी भरण्याआधी दोन्हींची बाराखडी शेजारीशेजारी ठेवून बघा.

वयाने दोघी सारख्या. रासमुस लेरडॉर्फनं १९९५ मध्ये पीएचपी सगळ्यांसाठी खुली केली. त्याच वर्षी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइकनं दहा दिवसांत जावास्क्रिप्टचं पहिलं रूप उभं केलं. अट घालणारं इफ, काम पुन्हापुन्हा करून घेणारे फॉर आणि व्हाइल, महिरपी कंस हे सगळं दोघींनी सी या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वळणाचं घेतलंय. एकीत शिकलात की दुसरीत आपोआप जमतं.

व्हेरिएबलपासून, म्हणजे किंमत साठवायच्या नावापासून, वाटा फुटतात. पीएचपीत नावापुढे डॉलर हवाच: $भाव = १५००; जावास्क्रिप्टमध्ये लेट भाव = १५०० आणि किंमत बदलणार नसेल तर लेटऐवजी कॉन्स्ट. (लेट, कॉन्स्टसारखे भाषेचे ठरलेले शब्द, म्हणजे की-वर्ड, आणि आकडे प्रत्यक्षात इंग्रजीतच टाइप करायचे. व्हेरिएबलचं नाव मात्र दोन्हीकडे खरंच देवनागरीत चालतं, फक्त कामाच्या ठिकाणी तसं कुणी ठेवत नाही.) डॉलर टाइप करायचा कंटाळा येतो, पण लांबलचक फाइलमध्ये व्हेरिएबल चटकन दिसतात. ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरलात तर जावास्क्रिप्ट बहुतेकदा सांभाळून घेते. पीएचपी थेट अडते, आणि वर चूक पुढच्या ओळीत असल्याचं सांगते. नवशिक्यानं एरर आली की एक ओळ वरही बघावी.

खरी गंमत अधिक चिन्हात आहे. समजा, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष व्यापाऱ्यासाठी बिलाचा फॉर्म करताय. मालाचे १५००, वाहतुकीचे २००. फॉर्ममध्ये भरलेले आकडे दोन्ही भाषांच्या हातात मजकूर म्हणून, म्हणजे स्ट्रिंग म्हणून येतात. जावास्क्रिप्टमध्ये अधिक चिन्ह स्ट्रिंगला स्ट्रिंग चिकटवतं, त्यामुळे बिल होतं १५००२००! आधी दोन्ही आकडे मजकुराचा आकडा करणाऱ्या नंबर() मधून काढले की मग १७००. पीएचपीत अधिक म्हणजे बेरीजच, मजकूर जोडायला वेगळं टिंब आहे. इथे मला पीएचपीची रीत जास्त स्वच्छ वाटते.

पण दोन किमती सारख्या आहेत का हे बघण्यात (त्याचं चिन्ह ==) पीएचपीचाही इतिहास फारसा बरा नाही. सातव्या आवृत्तीपर्यंत ० == 'नाशिक' हे तिला खरं वाटायचं; २०२० च्या आठव्या आवृत्तीत ते सुधारलं. दोन्हीकडे तीन बरोबर चिन्हं (===), जी किमतीसोबत आकडा की मजकूर हा प्रकारही तपासतात, वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. रिकामा अ‍ॅरे (किमतींची रिकामी यादी) इफच्या अटीत पीएचपी ‘खोटा’ धरते, जावास्क्रिप्ट ‘खरा’. एकीकडून दुसरीकडे जाणारे इथे हमखास फसतात.

मराठी साइट करणार असाल तर आणखी एक. ‘नाशिक’ची लांबी पीएचपीत स्ट्रलेन या फंक्शननं मोजली तर १५ येते, कारण ते बाइट (साठवणीचं छोटं एकक) मोजतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. एमबी_स्ट्रलेन या फंक्शननं ५, कारण ते काना-वेलांटीही वेगळी चिन्हं म्हणून मोजतं. जावास्क्रिप्टचं लेंग्थही ५ सांगतं. चौथीतलं पोरही तीन अक्षरं म्हणेल, ती गोष्ट वेगळी. गावाच्या रकान्याला स्ट्रलेननं ३० ची मर्यादा घातलीत, तर त्र्यंबकेश्वरचा माणूस बाहेरच राहील. त्या गावाच्या नावाचे बाइट ३९ भरतात.

चालवून बघायला जावास्क्रिप्ट सोपी. लॅपटॉपवर क्रोममध्ये एफ१२ दाबा, कन्सोल या कोड लिहायच्या खिडकीत ओळ लिहा, एंटर मारा. पीएचपीसाठी झॅम्प हे सॉफ्टवेअर टाका, त्यातला अपाची हा सर्व्हर सुरू करा, फाइल एचटीडॉक्स या फोल्डरमध्ये ठेवा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट या पत्त्यावरून उघडा. फाइलवर नुसता डबलक्लिक केला तर काहीच चालत नाही.

मग घ्यायचं काय? वायनरी, होमस्टे, पैठणीची दुकानं यांच्या वर्डप्रेस (तयार साचा वापरून साइट बनवायचं सॉफ्टवेअर) साइटचं काम समोर दिसत असेल तर पीएचपी, कारण वर्डप्रेस तिच्यातच लिहिलेलं आहे. तसं काही ठरलेलं नसेल तर मी जावास्क्रिप्टच म्हणेन. पीएचपीवाल्याला पानावरच्या हालचालींसाठी आज ना उद्या ती शिकावीच लागते, उलट तसं नाही.

डेमो लेक्चरला जाल तेव्हा फळ्याकडे नीट बघा. जावास्क्रिप्टच्या वर्गात लेट-कॉन्स्टऐवजी सगळीकडे व्हार हा जुना की-वर्ड असेल तर नोट्स २०१५ च्या आधीच्या आहेत. पीएचपीच्या वर्गात डेटाबेसला जोडणारं मायएसक्यूएल_कनेक्ट हे जुनं फंक्शन शिकवत असतील तर अजिबात फी भरू नका. ते सातव्या आवृत्तीतच काढून टाकलंय.