गाडीच्या आतल्या दिव्यांना एलईडी: दहा महिने वापरल्यावर

मागच्या दिवाळीत पुण्याहून गावी निघालो होतो. खंबाटकी घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो आणि आईच्या रात्रीच्या गोळ्यांची वेळ झाली. पर्समध्ये दोन पाकिटं, एक रक्तदाबाचं, एक साखरेचं. दोन्ही चंदेरी, दोन्हींवरची अक्षरं मुंगीएवढी. छताचा दिवा लावला, पण त्याचा पिवळट उजेड पुढच्या दोन सीटपर्यंतच पोचत होता आणि आई मागे बसलेली. शेवटी मोबाईलची बॅटरी धरून गोळी शोधली. आईने दोनदा विचारलं, "हीच ना रे नक्की?" तो प्रश्न मला लागला. पाडवा झाला आणि मी त्या दिव्याचं झाकण उघडलं. बल्बची काच आतून काळपट पडली होती. तार तापून तापून तिचा धातू उडतो आणि काचेवर बसतो, दहा वर्षांत तेवढं होणारच. गाडी २०१४ ची हॅचबॅक आहे.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण नावावरून बल्ब मागवणं हीच पहिली चूक ठरते. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये वेगळे दिवे असू शकतात. झाकण काढा, बल्ब हातात घ्या, त्यावर काय छापलंय ते वाचा आणि पट्टीने मोजा. माझ्या छतात निघाला तो फेस्टून बल्ब, म्हणजे दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेली काचेची नळी, १२ व्होल्ट १० वॅट, टोकापासून टोकापर्यंत ४१ मिलिमीटर. डिकीत आणि नंबर प्लेटवर टी-१०, ज्याला दुकानात बिनटोपीचा बल्ब म्हणतात, ५ वॅटचा.

नाना पेठेतल्या एका दुकानात मी ४१ चा एलईडी मागितला, तर ३९ चा हातात दिला, "एकच आहे, बसतो" म्हणाला. बसला खरा. पण गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरवरून गेली की दिवा मिचकायचा. दोन मिलिमीटरने दोन्हीकडच्या पितळी पट्ट्या सैल राहत होत्या. पट्ट्या चिमट्याने आत वळवून काम भागतं, पण पट्टी वाकवत बसण्यापेक्षा बरोबर मापाचा बल्ब घ्यावा. ३१, ३६, ३९, ४१ अशी मापं सर्रास मिळतात.

आता मी केलेली खरी चूक सांगतो, कारण ती कुणाकडूनही होऊ शकते. दिव्याचं बटण बंद केलं म्हणजे वीज बंद झाली असं मी धरलं. बऱ्याच गाड्यांत छताच्या दिव्याला बॅटरीचा प्लस कायम आलेला असतो, आणि दाराचा स्विच किंवा दिव्यावरचं बटण फक्त मायनसची बाजू जोडतं किंवा तोडतं. मी लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने बल्ब उचकटायला गेलो. टोक एकीकडे पट्टीला लागलं, दांडा दुसरीकडे छताच्या पत्र्याला, म्हणजे मायनसला. चर्र करून ठिणगी उडाली. दिवा गेला, आणि त्याच्याबरोबर म्युझिक सिस्टीमही गेली, घड्याळासकट. माझ्या गाडीत दोन्ही एकाच फ्यूजवर आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. १५ अँपिअरचा फ्यूज जळला होता, दहा-वीस रुपयांत मिळाला. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. किल्ली काढायची, फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघून तो फ्यूज उपसायचा, मगच हात घालायचा. जळलेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा फ्यूज घालायचा. मोठा नाही, आणि तार गुंडाळून तर कधीच नाही. फ्यूज जळला म्हणूनच छतातली वायर वाचली.

झाकण काढायलाही लोखंड नको. जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा फटीत सरकवायचा, खटक्याच्या बाजूने हलकं दाबायचं. थंडीत सकाळी हे करू नका, प्लास्टिक कडक झालेलं असतं आणि खिट्टी तुटते. दुपारी गाडी जरा उन्हात राहिली की झाकण सहज सुटतं. दिवा लागलेला असेल तर जुना बल्ब निवू द्या, १० वॅटचा बल्ब पाच मिनिटांत बोटाला चटका देण्याइतका तापतो.

एलईडी बसवला आणि पेटला नाही तर तो खराब आहे असं समजून परत करायला धावू नका. जुन्या बल्बला उलट-सुलट नसतं, एलईडीला असतं, कारण तो डायोड आहे, वीज एकाच दिशेने जाऊ देतो. काढून टोकं बदलून लावा. माझा दुसऱ्यांदा पेटला. काही एलईडींमध्ये आतच सोय असते, ते कसेही चालतात.

पहिला जो लावला तो ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), म्हणजे निळसर झाक असलेला पांढरा, नऊ चिपांचा, म्हणजे उजेड देणाऱ्या नऊ बारीक ठिपक्यांचा, दीडशे रुपयांना जोडी. पहिल्या रात्री सगळे खूश. गाडीत दिवसासारखं दिसत होतं. मग आठवड्याभरात एकेक गोष्ट जाणवू लागली. आई म्हणाली, "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय रे." खरंच होतं ते. सीटचं बदामी कापड राखाडी दिसायचं, आणि आपल्या माणसांचे चेहरे आजारी. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा उजेड देणारी चिप, तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचा रंग बदलणाऱ्या भुकटीचा, लेप. लेप पातळ असेल तर निळा जास्त बाहेर पडतो, आणि स्वस्त मालात लाल छटा फार कमी असते, म्हणून माणसाची कातडी मेल्यासारखी दिसते. गोळीचं पाकीट वाचता येत होतं, पण गुलाबी गोळी कुठली आणि फिकट केशरी कुठली, हे पिवळ्या बल्बमध्ये जितकं अवघड होतं तितकंच राहिलं. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच अर्धवट झालं होतं.

त्याहून वाईट म्हणजे रात्री चालत्या गाडीत मागे कुणी काही शोधायला दिवा लावला की पुढच्या काचेवर अख्खी केबिन उमटायची. सीट, डोकी, आरशाला टांगलेली माळ, सगळं रस्त्याच्या जागी. घाटात मला दोनदा "दिवा बंद करा" असं ओरडावं लागलं. घरच्यांवर ओरडलो याचं वाईट वाटलं, पण वळणावर समोरचं दिसेना. उजेड जितका जास्त तितका चांगला, हा माझा समज तिथे मोडला.

संक्रांतीच्या सुमाराला त्या दिव्यातल्या तीन चिपा एकदम विझल्या. एक नाही, दोन नाही, तीन. हे बघून मी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजायचं यंत्र, काढला, आणि जे समजलं ते सविस्तर सांगतो, कारण स्वस्त एलईडी गाडीत का टिकत नाही याचं उत्तर त्यात आहे. या चिपा तीन-तीनच्या माळेत जोडलेल्या असतात. प्रत्येक चिप साधारण ३ व्होल्ट खाते, म्हणजे तिघींना ९ पेक्षा थोडे जास्त, आणि उरलेले व्होल्ट एक छोटा रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारा भाग, पोटात घेतो. एक चिप गेली की माळ तुटते, तिन्ही विझतात. आता गंमत व्होल्टेजची. गाडी बंद असताना माझ्या बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते, इंजिन चालू केल्यावर १४.३. रेझिस्टरच्या वाट्याला आधी ३ व्होल्ट येत होते, आता ५ येतात. म्हणजे चिपेतून जाणारा करंट दीडपटीहून जास्त झाला. दुकानदार दिवा बॅटरीवर टेकवून दाखवतो तेव्हा सगळं ठीक असतं. तो मरतो ते चालत्या गाडीत, आणि आपल्याकडे उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या छताखाली. एसीचा कॉम्प्रेसर लागताना उजेड किंचित दचकायचा, तोही याच कारणाने.

दुसऱ्या वेळी ४२० रुपये मोजले. यात करंट कायम एकसारखा ठेवणारं छोटं सर्किट, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, आतच आहे, मागे ॲल्युमिनियमची पाठ आहे, आणि रंग ४००० केल्विनच्या आसपासचा, दुपारनंतरच्या उजेडासारखा. माप बरोबर ४१. इंजिन बंद असो की चालू, उजेडात फरक दिसत नाही. जानेवारीपासून आज सप्टेंबर, एकही चिप गेलेली नाही. एप्रिल-मेमध्ये गाडी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये रोज नऊ तास उन्हात असते, तेही निभावलं. मागच्या सीटवर आता पाकीट वाचता येतं आणि गोळीचा रंगही ओळखता येतो. काचेवरचं प्रतिबिंब पूर्ण गेलेलं नाही, पण समोरचा रस्ता त्यातून दिसतो. मागे बसणाऱ्यांसाठी अजून वेगळा दिवा जोडावा असं आधी वाटत होतं, तो विचार सोडून दिला.

बॅटरीचा फायदा किती, हे मला मोजून बघायचं होतं. जुना बल्ब ०.७८ अँपिअर ओढत होता, नवा ०.१२. हा फरक रोजच्या वापरात जाणवत नाही, कारण दिवा लागतो तो मिनिट-दोन मिनिटं. जूनमध्ये मात्र जाणवला. शुक्रवारी रात्री पावसात सामान उतरवताना मुलीने दिव्याचं बटण चालूवर सरकवलं आणि ते तसंच राहिलं. रविवारी सकाळी दार उघडलं तर दिवा जळतोय. साधारण ३६ तास. हिशेब केला तर नव्या दिव्याने जेमतेम साडेचार अँपिअर-तास खाल्ले होते. जुन्याने २८ खाल्ले असते, आणि माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, तीही तीन वर्षं जुनी. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. जीवात जीव आला, कारण त्याच दिवशी आईला तपासणीला न्यायचं होतं.

डिकीतला बदल मला सगळ्यात जास्त आवडला, आणि तिथेच सगळ्यात जास्त विचार करावा लागला. तारेचा बल्ब चहूबाजूंनी उजेड फेकतो. एलईडी ज्या बाजूला चिप, त्याच बाजूला. माझ्या डिकीत बल्ब आडवा बसतो, म्हणजे टोकावर चिप असलेला टी-१० लावला तर उजेड बाजूच्या प्लास्टिकवर पडतो आणि खालची पिशवी अंधारातच राहते. बाजूंना चिपा असलेला घेतला तेव्हा काम झालं. आधी मी दुहेरी टेपने चिकटवायचं चपटं पॅनल आणलं होतं, त्यातून फार उजेड यायचा. एप्रिलच्या उन्हात टेपचा गोंद पातळ झाला आणि पॅनल वायरला लोंबकळत खाली आलं. त्याची मागची बाजू उघडी होती, ती पत्र्याला लागली असती तर पुन्हा फ्यूज. चिकटवायचं पॅनल मी कुणालाही सुचवणार नाही. आपल्या खोबणीत बसतो तोच दिवा घ्यावा, वायर कापायची वेळ येत नाही आणि वाटलं तर दोन मिनिटांत जुना बल्ब परत लावता येतो.

नंबर प्लेटचा बल्ब बदलला नाही. तिथे पाणी जातं, चिखल जातो, आणि कायद्याने उजेड पांढराच लागतो. जुना बल्ब नंबर नीट दाखवतोय, मग कशाला हात लावायचा? निळे-जांभळे दिवे तर तिथे लावूच नयेत.

मेहुण्यांच्या गाडीत वेगळाच प्रकार झाला. त्यांची गाडी नवी, दार लावल्यावर दिवा हळूहळू विझणारी. एलईडी लावला तर तो पूर्ण विझेचना, रात्री लॉक केलेल्या गाडीत काजव्यासारखा मंद उजेड. दिवा चालू-बंद करणाऱ्या सर्किटमधून बंद असतानाही अगदी थोडा करंट झिरपतो. तारेच्या बल्बला तेवढ्याने काहीच होत नाही, एलईडी तेवढ्यावरही मिणमिणतो. ताई म्हणाली, "बॅटरी उतरेल का रे याने?" एवढ्याशा करंटने नाही, पण डोळ्यांना ते खटकतंच. मी बुधवार पेठेतून १ किलो-ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर आणला, दिव्याला समांतर झाळला, वरून आकसणारी नळी चढवली. झिरपणारा करंट आता त्या वाटेने जातो आणि दिवा विझतो. झाळकाम येत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दहा मिनिटांचं काम आहे.

एक उणीव माझ्या गाडीत अजून आहे. डिकी उघडी असताना एफएमवर बारीक खरखर येते. डिकीतल्या दिव्याचा ड्रायव्हर ती करतो, दिवा उपसला की आवाज साफ होतो. सहलीला डिकी उघडून गाणी ऐकत बसायची आम्हाला सवय आहे, म्हणून हा दिवा मी पुन्हा बदलणार आहे. छताच्या दिव्याने असं काही होत नाही.

जुना छताचा बल्ब टाकलेला नाही. कागदात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय, सोबत १५ अँपिअरचे दोन फ्यूज आणि ते एटीएम कार्ड. येत्या दिवाळीला पुन्हा त्याच रस्त्याने जायचंय. आईची गोळ्यांची वेळही तीच असते.