स्टारस्क्रीम: उघड गद्दार, पण पैसा वसूल
ट्रान्सफॉर्मर्समधला हा खेळण्यातला रोबो भाच्यासाठी मागवला आणि माझ्याच टेबलावर ठाण मांडून बसलाय. एफ-१५ लढाऊ विमानाचा रोबो करताना कॉकपिट छातीवर येतं, पंख पाठीला. सांधे घट्ट, हातांवरच्या बंदुका काढता येतात. पाठ जड, त्यामुळे पाय फाकवूनच उभा करा. चेहऱ्यावरचं तिरकं हसू मात्र अस्सल! १९८४च्या ट्रान्सफॉर्मर्स कार्टून मालिकेत हा आपल्याच म्होरक्या मेगाट्रॉनच्या तोंडावर नेतेपद मागायचा आणि डाव फसला की लगेच पायांवर लोळण. (असे लोक ऑफिसातही असतात, पण इतके प्रामाणिक नसतात.) १९८६च्या चित्रपटात जखमी मेगाट्रॉनला अंतराळात ढकलून स्वतः मुकुट चढवला, तर राज्याभिषेकातच राख झाली. खोक्यात तो मुकुट नाही, हे खटकलं. भाच्याला आता मेगाट्रॉन हवाय; घेईन, पण दोघांना ठेवीन वेगवेगळ्या फळ्यांवर.